पाने उतरवून घेणारे लेखनिक : एचटीट्रॅक, डब्ल्यूगेट आणि जालाच्या स्मृतीचा इतिहास

१/२३
जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक काही ओळी स्वतःच्या लिहीत असे. शक, संवत्सर, तिथी, गाव, आपले नाव; आणि बहुधा एक विनंती, की जसे पाहिले तसे उतरविले, चूक आढळल्यास दोष मला देऊ नये. या समारोपाच्या नोंदीस पुष्पिका म्हणतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेली एक विनामूल्य संगणक आज्ञावली अशीच एक ओळ लिहिते. तिच्याकरवी उतरविलेल्या प्रत्येक पानाच्या मूळ संहितेत, वाचकाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी, हे पान कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या दिवशी, किती वाजता उतरविले याची नोंद असते. आज्ञावलीचे नाव एचटीट्रॅक. आजचा धागा तिच्याविषयी, तिच्या भावंडांविषयी, आणि त्यांच्यावाचून जे कायमचे गेले असते त्याविषयी.

२/२३
प्रथम मूळ प्रश्न. जालावरचे पान नाहीसे का होते? छापील पुस्तक विकले गेले की प्रत वाचकाच्या घरी जाते. प्रकाशक बुडाला तरी ती फडताळात राहते. जालावर असे होत नाही. प्रत एकाच ठिकाणी, मालकाच्या सर्व्हरवर असते आणि आपण ती दर वेळी नव्याने मागवितो. मालकाने पान बदलले की जुने गेले. सर्व्हर बंद केला की सारेच गेले. खुद्द जालाच्या जन्मस्थानीही हेच घडले. सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जालाचा प्रस्ताव १९८९ साली मांडला. २०१३ साली सर्नने जगातील पहिले संकेतस्थळ पूर्ववत उभे करावयास घेतले, तेव्हा हाताशी असलेली प्रत १९९२ सालची होती. त्याआधीच्या पानांवर नवी पाने लिहिली गेली होती.

३/२३
तथापि, पाने उतरवून घेण्याची पहिली प्रेरणा इतिहास जपण्याची नव्हती. ती काटकसरीची होती. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून. तासांचे शुल्क वेगळे आणि दूरध्वनीचे बिल वेगळे. उत्तम समजल्या जाणाऱ्या ५६ किलोबिटच्या मोडेमवरून सेकंदाला फार तर सात किलोबाइट येत. शंभर किलोबाइटचे एक पान उघडायला पंधरा सेकंद लागत, तेही तार स्वच्छ असेल तर. अशा वेळी शहाणा वाचक काय करील? पाने भराभर उतरवून घेईल, जोडणी तोडील, आणि मग निवांत वाचील. ‘ऑफलाइन वाचन’ हा शब्दप्रयोग त्या घड्याळाच्या काट्याने शिकविला.

४/२३
ब्राउझरमध्ये पान जतन करण्याची सोय होती, पण ती तोकडी. एक पान येई; त्यावरील दुव्यावर टिचकी मारली की ब्राउझर पुन्हा जालाकडे धावे. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत पान ऑफलाइन उपलब्ध ठेवण्याची आणि चित्रांसह एकाच फाइलमध्ये साठविण्याची सोय आली. तरीही ती पानाची सोय होती, ग्रंथाची नव्हे. संकेतस्थळ म्हणजे एकमेकांत गुंतलेली शेकडो पाने. त्यांतले एकच उचलून आणणे म्हणजे ज्ञानकोशाचा एक कागद फाडून आणणे. गरज होती ती पहिल्या पानापासून सुरुवात करून साऱ्या दुव्यांच्या मागोमाग जाणाऱ्या, न कंटाळणाऱ्या लेखनिकाची.

५/२३
असा लेखनिक क्रोएशियात घडला. ह्रव्होये निकशिच यांनी सी भाषेत लिहिलेली आज्ञावली जानेवारी १९९६ मध्ये ‘गेटयूआरएल’ या नावाने बाहेर पडली. पुढे नाव बदलले आणि ती ‘डब्ल्यूगेट’ झाली: जालाच्या आद्याक्षरातील डब्ल्यू आणि ‘आण’ या अर्थाचा इंग्रजी शब्द यांचा हा जोड. ती ग्नू प्रकल्पाचा भाग आहे. तिला ना खिडक्या, ना बटणे. एक ओळ टंकायची आणि ती कामाला लागते. तुटक जोडणीचा विचार तिच्या रचनेतच होता. मध्येच तार तुटली तर ती पुन्हा प्रयत्न करी, आणि सर्व्हरने मुभा दिली तर फाइल अर्धी राहिली होती तेथून पुढे आणी.

६/२३
तिची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढच्या बहुतेक साधनांची रीत तीच. तुम्ही एक पत्ता देता. आज्ञावली ते पान आणते, त्याची संहिता वाचते आणि तीत सापडलेले सर्व दुवे एका यादीत टाकते. मग यादीतील पुढचे पान आणते, त्यातले दुवे काढते, आधी आणलेले वगळते. यादी संपेपर्यंत हेच. बंधन नसेल तर हा प्रवास जालभर पसरेल, म्हणून खोली ठरवावी लागते: पहिल्या पानापासून किती पायऱ्या आत जायचे. डब्ल्यूगेट सांगितल्यावाचून पाच पायऱ्यांच्या पलीकडे जात नाही, आणि मुभा दिल्याशिवाय दुसऱ्या संकेतस्थळाच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवत नाही.

७/२३
पण आज्ञा टंकून काम करणे हे तंत्रज्ञांचे सुख. सामान्य वाचक त्यापासून दूरच राहिला. १९९८ साली फ्रान्समध्ये झेव्हिए रोश यांनी एचटीट्रॅक प्रसिद्ध केली. विंडोजवर तिचे खिडक्यांचे रूप मिळाले. संग्रहाला नाव द्या, फोल्डर निवडा, पत्ता लिहा आणि पुढे चला. काय घ्यावे, काय टाळावे याच्या चाळण्याही सोप्या: चित्रे हवीत म्हटले की अधिकचे चिन्ह, अवजड फाइली नकोत म्हटले की उण्याचे. रात्री काम लावून झोपावे आणि सकाळी अख्खे संकेतस्थळ आपल्या हार्ड डिस्कवर असावे, ही किमया यामुळे संगणकाचे शास्त्र न शिकलेल्या माणसाच्याही हाती आली.

८/२३
एचटीट्रॅकचे खरे कौशल्य उतरविण्यापेक्षा जोडण्यात आहे. मूळ पानावरील दुवे जालावरच्या पत्त्यांकडे बोट दाखवितात. ते तसेच राहिले तर जोडणीविना प्रत निरुपयोगी. म्हणून ही आज्ञावली प्रत्येक दुवा बदलून तो आपल्याच फोल्डरातील फाइलकडे वळविते. वाचक एका पानावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा त्याला वाटते आपण जालावरच आहोत. शेजारी ती एक साठवण-फोल्डर आणि कामाची रोजनिशी ठेवते: काय मिळाले, काय मिळाले नाही, का मिळाले नाही. त्यामुळे महिन्यानंतर तोच संग्रह अद्ययावत करता येतो. सारे पुन्हा न आणता बदललेलेच आणले जाते. आणि प्रत्येक पानात ती सुरुवातीला सांगितलेली पुष्पिका.

९/२३
दोन्ही आज्ञावल्या विनामूल्य आहेत. पण येथे ‘मुक्त’ हा शब्द अधिक नेमका. दोन्ही ग्नू सार्वजनिक परवान्याखाली आहेत. म्हणजे त्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, सुधारता येते, वाटता येते. फक्त सुधारलेली आज्ञावली दुसऱ्यास देताना तेच स्वातंत्र्य त्यालाही द्यावे लागते. अशीच कामे करणारी विक्रीची साधने त्या काळी होती. ती करणाऱ्या कंपन्या राहिल्या तोवर चालली. मुक्त आज्ञावली कर्त्याने सोडली तरी दुसरा कोणी ती उचलून चालवू शकतो. स्मृती जपण्याचे साधन स्वतःच विस्मृतीत जाऊ नये, यासाठी याहून भक्कम तजवीज आजवर सापडलेली नाही.

१०/२३
लेखनिकाला शिष्टाचारही हवा. एक माणूस मिनिटाला दोन-तीन पाने उघडतो. आज्ञावली सेकंदाला अनेक मागते. दुबळा सर्व्हर त्या भाराखाली कोसळू शकतो. १९९४ सालीच मार्टिन कोस्टर यांनी यावर एक साधा संकेत सुचविला: संकेतस्थळाच्या मुळाशी ‘रोबोट्स’ नावाची मजकुराची छोटी फाइल ठेवावी आणि फिरत्या आज्ञावल्यांनी कोठे येऊ नये ते तीत लिहावे. हे कुंपण नव्हे, दारावरची पाटी आहे. पाळणे न पाळणे येणाऱ्याच्या सभ्यतेवर. एचटीट्रॅक आणि डब्ल्यूगेट दोन्ही तिला मूलतः मान देतात, वेग आवरता यावा म्हणून सोयीही देतात. या पाटीला अधिकृत इंटरनेट मानकाचे रूप मिळायला २०२२ साल उजाडले.

११/२३
साधनाला स्वतःचे चारित्र्य नसते, हेही नमूद केले पाहिजे. २०१३ साली अमेरिकेत चेल्सी मॅनिंग यांच्यावरील लष्करी खटल्यात, परराष्ट्र खात्याचे गोपनीय संदेश डब्ल्यूगेटने उतरविल्याचा पुरावा मांडला गेला. फेसबुकच्या जन्मावरील २०१० च्या चित्रपटात विद्यार्थिनींची छायाचित्रे वसतिगृहांच्या संकेतस्थळांवरून ओढून घेताना नायक याच आज्ञावलीचे नाव घेतो. प्रत्येक प्रत ही जपणूक नव्हे. आपल्याकडे १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात खासगी वापर आणि संशोधन यांसाठी उचित वापराची मुभा आहे. पण उतरविलेले पुन्हा आपल्या नावे जगापुढे मांडणे ही निराळी गोष्ट. वाचण्यासाठी प्रत आणि बळकावण्यासाठी प्रत यांतला भेद आज्ञावलीला कळत नाही, माणसाला कळावा लागतो.

१२/२३
घरोघरचे वाचक पैसे वाचविण्यासाठी पाने उतरवीत होते, त्याच सुमारास काही संस्थांना धोका दिसू लागला होता. १९९६ साली ब्रूस्टर काल यांनी सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट आर्काइव्ह स्थापन केले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘पँडोरा’ हा संग्रह सुरू केला आणि स्वीडनच्या राजग्रंथालयानेही आपल्या देशाचे जाल टिपायला आरंभ केला. इंटरनेट आर्काइव्हचा साठा २००१ च्या ऑक्टोबरात ‘वेबॅक मशीन’ या नावाने सर्वांना खुला झाला. जुना पत्ता टाकावा आणि त्या पानाची तारखांनुसार रूपे पाहावीत, ही आज सवयीची झालेली गोष्ट तेव्हा अद्भुत वाटली होती. पण एकच ग्रंथालय साऱ्या जालाला पुरेल का? याचे उत्तर २००९ साली मिळाले.

१३/२३
१९९४ साली डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी कॅलिफोर्नियात एक उद्योग सुरू केला. तो पुढे ‘जिओसिटीज’ म्हणून गाजला. कल्पना साधी: कोणालाही जालावर फुकट जागा. तिची रचना मात्र शहरासारखी. विषयांप्रमाणे मोहल्ले आणि मोहल्ल्यात घरक्रमांक. विज्ञानकथांचे चाहते ‘एरिया फिफ्टी-वन’मध्ये, तत्त्वज्ञान व शिक्षणवाले ‘अथेन्स’मध्ये, घरसंसाराची पाने ‘हार्टलँड’मध्ये. झगमगती अक्षरे, हलती चित्रे, ‘काम चालू आहे’ची पाटी, भेट देणाऱ्यांचा आकडा. अभिजनांनी नाके मुरडली. पण ज्यांनी आयुष्यात कधी काही छापून आणले नव्हते, अशा असंख्य माणसांनी आपले पहिले सार्वजनिक वाक्य येथे लिहिले.

१४/२३
जानेवारी १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज विकत घेण्याचा करार केला. किंमत साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक, मुख्यतः समभागांच्या रूपात. दहा वर्षांनी, एप्रिल २००९ मध्ये, ते बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी दिवे मालवले. मालकाच्या हिशेबात ती तोट्याची जागा होती, आणि हिशेब चुकीचा होता असेही नाही. अडचण निराळी होती. ज्यांची पाने होती त्यांतले अनेक जण केव्हाच तेथून निघून गेले होते. काही वारले होते, काही परवलीचा शब्द विसरले होते. मुदतीची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचणार कशी? पान जपण्याचा हक्क ज्याला, त्याला खबर नाही. ज्याला खबर, त्याला गरज नाही.

१५/२३
येथे स्वयंसेवक पुढे आले. जेसन स्कॉट या संग्राहकाने २००९ च्याच आरंभी ‘आर्काइव्ह टीम’ ही सैलसर मंडळी जमविली होती. कचेरी नाही, पगार नाही. हाताशी होती ती मुख्यतः डब्ल्यूगेट, घरची इंटरनेट जोडणी आणि हार्ड डिस्का. मोहल्ले वाटून घेऊन, घरक्रमांकांमागून घरक्रमांक, ते मुदतीपर्यंत उतरवीत राहिले. इंटरनेट आर्काइव्हनेही स्वतंत्रपणे मोहीम चालविली. आणखीही काही व्यक्तींनी आपापल्या प्रती केल्या. बंद पडल्याला एक वर्ष झाले तेव्हा आर्काइव्ह टीमने आपला संग्रह सर्वांसाठी खुला केला: संकुचित रूपात सुमारे ६४० गिगाबाइट. आज तो खिशात मावेल एवढ्या डिस्कवर बसतो. सारे वाचले नाही. जे वाचले ते या प्रतींमुळे.

१६/२३
मग या प्रतीचे झाले काय? ओलिया लियालिना आणि ड्रागन एस्पेनशीड या दोन जालकलावंतांनी तो सगळा साठा उतरवून घेतला आणि पानांची जुन्या ब्राउझरमधील रूपे एकामागून एक टिपून लोकांसमोर ठेवली. त्यांतून दिसले ते सामान्यांचे दप्तर: पाळीव कुत्र्याचा मृत्युलेख, आजाराशी झुंजणाऱ्या आईची दैनंदिनी, शाळकरी मुलाची ताऱ्यांची यादी. इतिहासलेखनाने राजांची पत्रे सहज मिळविली. कुणब्याचे पत्र मिळणे दुर्लभ. विसाव्या शतकाच्या अखेरच्या सामान्य माणसाने मात्र स्वतःविषयी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. ते मालकाच्या हिशेबवहीत कचरा होते, अभ्यासकाच्या दृष्टीने अस्सल साधन.

१७/२३
जिओसिटीज तोट्यामुळे गेली. काही पाने मुद्दामही जातात. २०१३ साली ब्रिटनमध्ये उघड झाले, की सत्तारूढ हुजूर पक्षाने आपल्या संकेतस्थळावरून २०१० च्या निवडणुकीपूर्वीच्या दहा वर्षांची भाषणे काढून टाकली आहेत. शिवाय त्या पत्त्यांवर ‘रोबोट्स’ची पाटी लावली होती. वेबॅक मशीन तेव्हा ती पाटी मागील काळासही लागू धरी, त्यामुळे तेथील जुन्या प्रतीही काही काळ दिसेनाशा झाल्या. सत्तेपूर्वी दिलेली वचने सत्तेनंतर वाचता येऊ नयेत, असा त्याचा परिणाम. भाषणे सर्वस्वी लोपली नाहीत, कारण ब्रिटिश लायब्ररीने त्यांच्या प्रती आधीच घेतल्या होत्या. एक प्रत झाकली गेली. दुसरी दुसऱ्याच्या कपाटात होती.

१८/२३
असा वाद उभा राहिला की प्रश्न येतो: तुमची प्रत खरी कशावरून? येथे एचटीट्रॅकची मर्यादा लक्षात घ्यावी. वाचन सुलभ व्हावे म्हणून ती दुवे बदलते. म्हणजे पान अक्षरशः मूळ राहत नाही. ती वाचनप्रत, साक्षप्रत नव्हे. साक्षीसाठी ‘वॉर्क’ हा साठवणीचा प्रकार घडला; २००९ साली तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यात सर्व्हरकडे काय मागितले, त्याने काय उत्तर दिले आणि केव्हा, हे जसेच्या तसे गुंडाळून ठेवले जाते. २०१२ पासून डब्ल्यूगेटलाही वॉर्क लिहिता येते. पोथ्यांच्या अभ्यासकाला हा भेद ठाऊक असतो: शुद्ध करून लिहिलेली प्रत वाचायला सोपी, पण पाठ ठरविताना वजन अशुद्धासह उतरविलेल्या प्रतीला.

१९/२३
आणि जसेच्या तसे जपलेलेही वाचता येईलच असे नाही. मराठीने हे सोसले आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण नव्वदीच्या उत्तरार्धात मराठी वृत्तपत्रे जालावर आली तेव्हा घरोघरच्या संगणकांवर ती उमटत नसे. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकृत्या बसविलेले निरनिराळे फाँट वापरात आले. काही फाँट पानासोबत आपोआप येत, पण ते ठरावीक संकेतस्थळाच्या पत्त्याशीच बांधलेले असू शकत. पान उतरविले, फाँट उतरला नाही किंवा उघडला नाही, की अग्रलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीत शतकानुशतके सुरक्षित होते. किल्ली अभ्यासकांच्या हाती येईपर्यंत मात्र ते मुके राहिले. जुन्या मराठी पानांबरोबर फाँटही जपावा, तो याचसाठी.

२०/२३
दुसरे शल्य ऑर्कुटचे. २००४ साली सुरू झालेले हे संकेतस्थळ भारतात अफाट लोकप्रिय झाले. मराठीही तेथे मनमोकळी नांदत होती: कविता, गडकोट, पाककृती, भांडणे. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. सार्वजनिक समूहांचा संग्रह काही वर्षे पाहायला ठेवला होता. मग तोही मिटला. आपल्याकडे छापील ग्रंथांसाठी १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा आहे, ज्यान्वये प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या ग्रंथालयांना प्रती द्यावयाच्या असतात. तो रचला गेला कागदासाठी. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१३ पासून देशाचे जाल टिपण्याचा अधिकार ग्रंथालयांना कायद्याने आहे. मराठी जालासाठी लेखनिकाचे काम अजून मुख्यतः वाचकानेच करायचे आहे.

२१/२३
ते काम किती तातडीचे असू शकते, हे युक्रेनने दाखविले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केले आणि काही दिवसांतच देशोदेशीचे ग्रंथपाल, अभ्यासक व तंत्रज्ञ एकत्र आले. युक्रेनची संग्रहालये, ग्रंथालये, दप्तरखाने यांची संकेतस्थळे उतरविणे हे त्यांचे कार्य. हजाराहून अधिक स्वयंसेवक सामील झाले. खार्किवच्या राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरून शंभर गिगाबाइटहून अधिक सामग्री उतरविली गेली आणि काही तासांतच ते संकेतस्थळ बंद पडले. येथे मालक निष्काळजी नव्हता, लबाडही नव्हता. त्या देशावरच युद्ध कोसळले होते.

२२/२३
आजची अडचण तंत्राची आहे. जुनी पाने लिहिलेली असत. आजची अनेक पाने ब्राउझरमध्ये त्या क्षणी जुळवली जातात. दुवे शोधत जाणाऱ्या एचटीट्रॅकला अशा ठिकाणी रिकामी चौकटच मिळते. म्हणून खार्किवसाठी वापरलेली ‘ब्राउझरट्रिक्स’ खरा ब्राउझर चालवून त्यात दिसेल ते टिपते. तीही मुक्त आहे. ‘किविक्स’ हे आणखी एक मुक्त साधन मराठी विकिपीडियासह अनेक कोश एकेका फाइलमध्ये देते, जोडणी नसलेल्या शाळेतही ते उघडतात. मोठ्या ग्रंथालयावर विसंबून स्वस्थ बसणे मात्र धोक्याचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे इंटरनेट आर्काइव्हच काही दिवस बंद होते.

२३/२३
प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ साली मोजून सांगितले: २०१३ साली जालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी सापडत नाहीत. गाथा इंद्रायणीत बुडाल्यावरही तुकोबांचे अभंग उरले, असे परंपरा सांगते. कारण ते लोकांच्या मुखी आणि इतरांच्या वह्यांत होते. तेव्हा वाचकहो, आपल्या गावाच्या इतिहासाचे, बंद पडू घातलेल्या मासिकाचे, एखाद्या दिवंगत अभ्यासकाचे संकेतस्थळ डोळ्यांसमोर असेल, तर या रविवारी ते उतरवून घ्या. वेग संथ ठेवा, दारावरची पाटी वाचा, प्रती दोन करा आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवा. फोल्डरमध्ये एक छोटी टिपणी लिहा: कोठून, केव्हा, कोणी, काय राहून गेले. पन्नास वर्षांनी ते फोल्डर उघडणारा माणूस आधी ती टिपणीच शोधील.

(धागा समाप्त.)